अल्बममधले फोटो सोडवण्याआधी: तो लावला कोणी, ते पाहा

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. परळच्या चाळीतली खोली पुनर्विकासासाठी महिन्याभरात रिकामी करायची आहे. पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली, ट्रंकेत जाडजूड अल्बम. काळी पानं, दीडशेच्या आसपास फोटो, बऱ्याच फोटोंखाली पांढऱ्या शाईत इंग्रजी ओळी. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’, म्हणजे आजच्या इराकमधल्या बसरा बंदरात, गेले होते, एवढीच घरातली माहिती. काही फोटो कडेने चंदेरी झालेत, दोन पानं एकमेकांना चिकटलीत. बहीण म्हणते, फोटो सोडवून नव्या अल्बममध्ये लावू. मामा म्हणतात, चोर बाजारात देऊन टाका, तेवढीच जागा होईल. तुम्ही विचारलंय ते दोनच गोष्टी: फोटो न फाटता कसे सोडवायचे, आणि या सगळ्याची किंमत किती.

मी जुने कागद आणि फोटो दुरुस्त करते. २८ वर्षं झाली, बरीचशी मुंबईच्या दमट हवेशी भांडण्यात गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: सोडवू नका. दुसऱ्याचं खाली येईल, पण ते मामांना आवडणार नाही. त्याआधी एक तिसरा प्रश्न आहे, जो तुम्ही विचारलेला नाही. हा अल्बम नक्की कोणाचा? तुम्ही धरून चालला आहात की पणजोबांचा. असेलही. पण घरात सापडला म्हणजे घरातल्याच माणसाने लावला असं नसतं. आणि तो कोणी लावला हे कळण्याचा निम्म्याहून जास्त पुरावा सुट्या फोटोत नसतो, मांडणीत असतो. कुठल्या फोटोशेजारी कुठला, कुठे जागा रिकामी सोडलीय, कुठे हस्ताक्षर बदललंय. फोटो सोडवले की हे सगळं गेलं.

हे मला काही जन्मतः कळत नव्हतं. धंद्यात नवी होते तेव्हा गिरगावातून असाच एक अल्बम आला. मालकांना फोटो ‘व्यवस्थित’ करून हवे होते. हात चांगला होता, तोरा त्याहून जास्त होता. आठवडाभर बसून एकूण एक फोटो सोडवला, एकाचाही कोपरा दुमडला नाही. सगळे पारदर्शक पाकिटांत घातले, आकाराप्रमाणे लावले. काळ्या पानांचा भुगा होत होता, ती टाकून दिली. सहा महिन्यांनी मालकांची मुलगी एक फोटो घेऊन आली. उंच कमानींचं दालन, ओळीने खाटा, खाटांवर हिंदी सैनिक. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तिने साधी गोष्ट विचारली: हा फोटो बोटीच्या फोटोंच्या आधी होता की नंतर? आधी असेल तर हॉस्पिटल बसऱ्याकडचं, नंतर असेल तर मुंबईचं. कमानी पाहून मला काळा घोड्याजवळचं म्युझियम वाटलं. आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ती इमारत १९१४ साली उभी राहिली, पण म्युझियम म्हणून उघडली १९२२ मध्ये. मधल्या युद्धाच्या काळात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं, आणि बसऱ्याकडून येणाऱ्या बोटी जखमींना बऱ्याचदा मुंबईच्या धक्क्याला उतरवत. तेव्हा माझा अंदाज वेडगळ नव्हता. पण अंदाजच होता. तो पक्का करायला मागचा-पुढचा फोटो हवा होता, आणि तो क्रम मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात घातला होता. त्या बाई आजही समोरून आल्या तर मी फूटपाथ बदलते.

आता तुमचा अल्बम. आधी कॅमेऱ्याचा विचार करा. १९१४ साली हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातून घरी मनीऑर्डर जायची. कॅमेरा, फिल्म आणि धुलाई ही त्याच्या आवाक्यातली चैन नव्हती. कॅमेरे असायचे ते बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांकडे, काही डॉक्टरांकडे, क्वचित एखाद्या बऱ्या पगाराच्या कारकुनाकडे. म्हणून शिपायाच्या घरात इंग्रजी ओळींचा दीडशे फोटोंचा अल्बम निघाला, की माझ्या मनात तीन शक्यता येतात. पणजोबा शिपाई नसतीलच. हॉस्पिटलात, पोस्टात, रेल्वेत किंवा रसद खात्यात लिहिण्याच्या कामावर असतील आणि पुढच्या पिढ्यांनी सगळ्याला मिळून ‘पलटणीत होते’ करून टाकलं असेल. किंवा अल्बम साहेबाचा असेल, पणजोबा त्याचे ऑर्डर्ली, म्हणजे दिमतीचे शिपाई, किंवा त्याच्या कंपनीतले जमादार-सुभेदार, आणि साहेब विलायतेला जाताना तो यांच्याकडे आला. किंवा मग नंतरच्या कोणा हौशी काकांनी तो जुन्या बाजारातून उचलून आणला. ही तिसरी शक्यता ऐकून लोकांचे चेहरे पडतात. पडू देऊ नका, अजून काही ठरलेलं नाही.

ठरवायचं कसं? आधी ओळी वाचा, आणि वाचताना नावांपेक्षा सर्वनामांकडे लक्ष द्या. ‘माय टेंट’, ‘अवर मेस’ असं जिथे लिहिलंय तिथे तो ‘मी’ कोण, ‘आम्ही’ कोण, हे चार-पाच ओळींत उलगडतं. दुसरं म्हणजे, जो माणूस प्रत्येक ठिकाणी हजर असायला हवा पण फोटोत कुठेच नाही, कॅमेरा बहुधा त्याच्या हातात आहे. तिसरी खूण सांगताना मला दरवेळी अडखळायला होतं. अशा अल्बमांत कोणाकोणाची नावं लिहिली आहेत ते बघा. साहेबांची आडनावं असतात. घोड्याचं नाव असतं. कुत्र्याचं तर हटकून असतं. आणि कुत्र्याची साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाखाली असतं ‘माय मराठा ऑर्डर्ली’. तो अल्बम साहेबाचा, यात मग शंका उरत नाही. पण तुमचे पणजोबा कदाचित तिथेच आहेत, त्या साखळीच्या टोकाला. म्हणून ‘अल्बम आपला नाही’ असं निघालं तरी तो टाकण्यासारखा होत नाही. उलट त्याच्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं.

यानंतर पट्टी घ्या आणि फोटो मोजा. हे कोणी करत नाही. त्या काळचे घरगुती फोटो बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचे छापलेले असत, मोठे करून नाही. त्यामुळे आकारावरून कॅमेरा कळतो. साधारण ४ बाय ६.५ सेंटिमीटरचे चिमुकले फोटो असतील तर कॅमेरा बहुधा १९१२ साली निघालेला खिशात मावणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक किंवा त्याच्यासारखा दुसरा. ६ बाय ९ असेल तर बॉक्स कॅमेरा किंवा घडीचा कॅमेरा. एकाच आकाराचे साठ-सत्तर फोटो सलग आले, की ते एका माणसाने काढले असं धरून पुढे जाता येतं. मधेच वेगळा आकार आला तर तो मित्राकडून मिळालेला किंवा विकत घेतलेला.

विकत घेतलेल्यांचं प्रमाण ऐकून लोक नेहमी चकित होतात. बसरा आणि बगदादमध्ये सैनिकांना फोटो विकणारी दुकानं चांगली चालायची. मागच्या बाजूला ए. करीम, बसरा किंवा हस्सो ब्रदर्स, बगदाद असा छाप दिसला तर तो दुकानातला माल समजा. छाप नसेल तरी ओळखता येतो: साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचा पोस्टकार्डाचा आकार, आणि फोटोच्या आतच, खालच्या कोपऱ्यात, एकसारख्या पांढऱ्या अक्षरांत नाव किंवा नंबर. ती अक्षरं निगेटिव्हवर लिहिलेली असतात म्हणून फोटोचाच भाग वाटतात. विषयही ठरलेले. बसऱ्याची अशार खाडी, टिग्रिस नदीतल्या टोपलीसारख्या गोल गुफा होड्या, कुर्ना गावातलं ‘आदमचं झाड’, नदीकाठची एझ्राची कबर, टेसिफॉनची मोडकी प्रचंड कमान, बगदादचा होड्यांचा पूल, आणि जनरल मॉडची कबर. मॉड हा ब्रिटिश सेनापती. त्याने ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो तिथेच कॉलऱ्याने गेला, त्यामुळे ती कबर फोटोवाल्यांना जणू तीर्थस्थानासारखी झाली. टेसिफॉनची एकच एक कमान, तीच सावली, तोच उंट, मी निरनिराळ्या घरांतल्या चार अल्बमांत पाहिली आहे. चारही घरांत सांगितलं गेलं की ‘आमच्या आजोबांनी काढलाय’. मी दोघांना खरं सांगितलं. उरलेल्या दोघांकडे चहा पिऊन परत आले.

‘मराठा पलटण’ या शब्दाचंही थोडं बघावं लागेल. पहिल्या युद्धात ती एक पलटण नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा नंबरांच्या वेगवेगळ्या पलटणी होत्या. १९२२ मध्ये त्या एकत्र बांधून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि बेळगाव तिचं ठाणं झालं. खांद्यावरच्या पितळी पट्टीवर नंबर वाचता आला तर अर्धं काम झालं. कारण १०३, ११० आणि ११७ या तिघी पूना डिव्हिजनमध्ये होत्या, आणि ती डिव्हिजन टिग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा या गावी ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकून शेवटी शरण गेली. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. समजा पणजोबा वेढ्याच्या वेळी यातल्या एखाद्या पलटणीबरोबर कुतमध्ये होते. मग १९१७ च्या बगदादेतले मजेचे फोटो त्यांचे असणं अवघड आहे. त्या पलटणी पुढे नव्याने उभ्या केल्या गेल्या, तेव्हा नंतर भरती झालेला माणूस असू शकतो. म्हणजे तारीख आणि नंबर दोन्ही हवेत, एकावर भागत नाही.

आणखी एक घोळ. तुमचं वय मला माहीत नाही. तुम्ही पंचविशीतले असाल तर पणजोबा दुसऱ्या महायुद्धातलेही असू शकतात, कारण एप्रिल १९४१ मध्ये हिंदी फौज पुन्हा बसऱ्यालाच उतरली होती. घरात दोन्ही वेळच्या बसऱ्याची खिचडी झालेली मी पाहिली आहे. केरेन, तोब्रुक, इटली असे शब्द दिसले तर अल्बम बहुधा दुसऱ्या युद्धाचा. कैरोच्या फोटोंवर लेनर्ट अँड लँड्रॉक हे नाव असेल तर तो फोटोही दुकानातलाच.

इथवर वाचून दमला असाल तर एवढंच धरून ठेवा: ओळींतला ‘मी’, फोटोंचा आकार, विकतचे फोटो आणि पलटणीचा नंबर. या चार गोष्टी पाहिल्या की अल्बम कोणी लावला याचा अंदाज येतो, आणि चारही पाहायला फोटो जागेवर असावे लागतात.

आता महिन्याभरात काय करायचं ते. घर हलवायच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून आजच मोबाइल घ्या. खिडकीजवळ, ऊन थेट न येणाऱ्या उजेडात अल्बम टेबलावर ठेवा आणि पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो काढा. रिकामी पानंही. जिथे फक्त चार कोपरे उरलेत आणि फोटो गायब आहे ती जागाही, कारण ओळ तिथे असते. फ्लॅश नको, काचेसारखं चमकतं. ही पहिली फेरी दीड-दोन तासांत होते, आणि उद्या काहीही झालं तरी क्रम तुमच्या हातात राहतो. सुटे, चांगले स्कॅन नंतर निवांत करा. चिमुकल्या फोटोंना १२०० डीपीआय, पोस्टकार्डाएवढ्यांना ६००, फाइल टिफमध्ये. अल्बमची शिवण घट्ट असेल तर तो स्कॅनरवर पालथा दाबू नका, कणा मोडतो. वरून कॅमेऱ्यानेच घ्या.

जे फोटो फक्त कोपऱ्यांत अडकवलेले आहेत ते बाहेर येतात का ते हलकेच पाहा. येत असतील तर एकेक काढा, मागची बाजू टिपा आणि त्याच कोपऱ्यांत परत घाला. एका वेळी एकच बाहेर. खळीने किंवा डिंकाने चिकटवलेल्यांना हात लावू नका. इंटरनेटवर वाफ द्या, हेअर ड्रायर फिरवा असं सांगणारे बरेच आहेत. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो, वाफेने तो फुगतो आणि बोटाचा ठसा कायमचा घेतो. पांढऱ्या शाईवर ओलं फडकं तर अजिबात नको. ती बऱ्याचदा पाण्याने सुटते आणि पणजोबांचं गाव पुसलं जातं.

मागच्या बाजूला वेलबुट्टीसारखं काही पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं तर कोणीतरी तुम्हाला ‘उर्दू आहे’ म्हणून सांगेल. आधी मोडी आहे का ते बघा. त्या पिढीतला लिहिता-वाचता मराठी माणूस घरगुती मजकूर सर्रास मोडीत लिहायचा. साहेबाच्या अल्बममध्ये मोडी असायचं काही कारण नाही. तेव्हा पांढऱ्या इंग्रजीच्या मागे एक जरी मोडी ओळ निघाली तरी तो फोटो मराठी माणसाच्या हातातून गेलाय, बहुधा तुमच्याच घरच्या. मोडी वाचणारे मुंबईत आणि पुण्यात मिळतात, वर्गही चालतात.

कडेची चंदेरी झाक म्हणजे धूळ किंवा बुरशी नाही. फोटोतलीच चांदी दमट हवेत पृष्ठभागावर येते. पुसू नका, जात नाही, चित्र मात्र जातं. उलट मला ती दिसली की थोडं बरं वाटतं, फोटो जुना असल्याची ती एक साक्ष असते. तिरक्या उजेडात फोटो घेतला तर झाक कमी दिसते. करड्या-हिरव्या केसाळ ठिपक्यांची गोष्ट वेगळी, ती बुरशी. ते पान घरात झटकू नका. कोरड्या दिवशी मास्क लावून गॅलरीत न्या, मऊ सुक्या ब्रशने हलकं सारा, आणि अल्बम दोन दिवस पंख्याच्या हवेत उघडा ठेवा, उन्हात नाही.

बहिणीला सांगा, नवा अल्बम म्हणजे चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचा तो नको. आपल्याकडे १९८० च्या सुमारास सगळ्यांनी हौसेने घेतले ते. त्या गोंदातून फोटो सोडवणं माझ्या कामातलं सगळ्यात नावडतं काम आहे, शंभर वर्षांची खळ त्यापेक्षा परवडली. घरच्यांना हाताळायला, पाहुण्यांना दाखवायला स्कॅनच्या छापील प्रती काढून त्यांचा अल्बम करा. भावंडांत वाटणी करायची तरी प्रतींचीच.

मूळ अल्बम आडवा ठेवायचा, उभा नाही. पानं खाली ओघळतात. आम्लरहित पुठ्ठ्याचा खोका मिळाला तर उत्तम, नाहीतर धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या कपाटाच्या मधल्या खणात. बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ती घाम गाळते. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा ओला पाला, अगरबत्तीचा धूर यातलं काही नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या जूनमध्ये ठेवून दिवाळीत आठवण्यात अर्थ नसतो. ओल शोषून भरल्या की आतले दाणे तव्यावर गरम करून पुन्हा कोरडे करावे लागतात. आणि जमिनीवर कधीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे आलेले अल्बम बहुतेक पलंगाखालचे होते. त्यातले जे लोकांनी ‘वाळवून’ आणले त्यांची वीट झाली होती. जे एका बाईंनी ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकले होते, त्यातले जवळजवळ सगळे वाचले. दोन दिवसांच्या आत फ्रीझरमध्ये, एवढं लक्षात राहू द्या. घर हलवतानाही अल्बम टेम्पोत देऊ नका, मांडीवर घेऊन जा.

ट्रंकेत पाकिटात निगेटिव्ह असतील तर त्या लगेच वेगळ्या करा. त्या काळची फिल्म नायट्रेटची असते. ती पिवळी, चिकट, ठिसूळ होते आणि भयंकर पेटते. गरम पोटमाळ्यावर अशी फिल्म असणं धोक्याचं आहे. कागदी पाकिटात, हवेशीर, थंड जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका.

आता मामांचा मुद्दा. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरचे काही दुकानदार मला चांगले माहीत आहेत, मीही त्यांच्याकडून जुने कोरे कागद घेते. त्यांचा धंदा असा चालतो, की पूर्ण अल्बमचं गिऱ्हाईक वर्षात एखादं, सुट्या पोस्टकार्डांची रोज. त्यामुळे अल्बम दुकानात गेला की फुटतो. बगदादचे पूल आणि कमानी हजारांनी छापलेल्या असल्याने त्यांना फारसा भाव नसतो. भाव असतो तो ज्या फोटोत पलटण, जागा, तारीख आणि माणूस चारही ओळखू येतात त्याला, आणि ते ओळखू येतं ते अल्बम अख्खा असला तर. म्हणजे नुसत्या पैशाच्या हिशेबानेही आत्ता विकणं तोट्याचं. किती मिळतील हे न बघता सांगणारा माणूस एकतर घेणारा असतो किंवा फेकणारा. परदेशातून कोणी ऑनलाइन मागणी केली तर सांभाळा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू येते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाचे अल्बम आता शंभरी ओलांडून बसलेत. कुठल्या संस्थेला द्यायचं ठरलं, तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये संग्रहालय आहे, मुंबईत वस्तुसंग्रहालय आहे. कुठेही द्या, पण लेखी द्या, त्यात अल्बम न फोडण्याची अट घाला आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा.

पणजोबांना शोधताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला अल्बम दाखवा, पण बोट ठेवून ‘हे पणजोबा ना?’ असं विचारू नका. आत्या ‘हो’ म्हणणारच, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. नुसती पानं उलटा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्या कुठे थांबतात ते बघा. पानांत कुठे फाशीचे, प्रेतांचे फोटो असतील तर ती आधी बघून घ्या. अशा अल्बमांत ते असतात, आणि ओळी कधीकधी निर्लज्ज असतात. फाडू नका, खोडू नका. फक्त आत्यांपुढे अचानक येऊ देऊ नका.

पदक घरात असेल तर कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या युद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असेल तर बहुधा सैनिकाचं. तेच काशाचं असेल तर बहुधा हमाल, खानसामे अशा बरोबर गेलेल्या लोकांपैकी कोणाचं. चांदीची बरीच पदकं पुढे सोनाराच्या मुशीत गेली, त्यामुळे नसलं तर नवल नाही. गावी जाणं झालं तर चावडीजवळ, देवळापाशी किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का पाहा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशा पाट्या सातारा-कोकणाकडे अजून दिसतात. कोणी परत आलंच नसेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिथे एक गोष्ट मनाची तयारी करून वाचा. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. आयोगानेच २०२१ च्या अहवालात ही वागणूक सारखी नव्हती हे मान्य केलं. कुत्र्याच्या नावाबद्दल मी वर लिहिलं, ते वाचून माझा त्रागा जास्त वाटला असेल तर हे दगडावरचं आहे.

चिकटलेली दोन पानं तशीच राहू द्या. सुरी, पट्टी, दात कोरायचा दोरा, काही नको. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की अशा पानांना जरा बरे दिवस येतात, तेव्हा एखाद्या जाणकाराकडे न्या. आणि ती पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका, निदान आज तरी. सैनिक ट्रंकेच्या झाकणावर रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहीत, आणि नंतर घरच्यांनी त्यावरून हिरवा किंवा राखाडी रंग मारलेला असतो. झाकण कोरड्या फडक्याने पुसा आणि संध्याकाळी टॉर्च आडवा धरून बघा. जुन्या रंगाची जाडी नव्या रंगाखालून उमटते.